‘पप्पा, हा गेम पॉज होत नाही’

ताई, नमस्कार. मी सिडकोत राहतो, अंबडला एका कारखान्यात शिफ्टला आहे. मुलगा आठवीत. शाळेतून आला की मोबाइल घेऊन मित्रांबरोबर बीजीएमआय, तो ऑनलाइन बंदुकीचा गेम. ताट वाढलं तरी उठत नाही. ‘पप्पा, पॉज होत नाही, मॅच संपू द्या’ हे ठरलेलं उत्तर. आता त्याला रॉयल पाससाठी, म्हणजे गेममधल्या विकतच्या पाससाठी, पैसे पाहिजेत. लहानपणी आम्हीपण गेम खेळलोच की. पंचवटीत आमच्या गल्लीत एकाकडे टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम होता. काँट्रा, मारिओ, बदकं मारायचा गेम. काँट्रा संपवायला मे महिन्याची आख्खी सुट्टी गेली, पण संपवला. त्या गेमनी जिद्द शिकवली. म्हणून परवा मेन रोडवरून तसलाच गेम घेऊन आलो, म्हटलं खऱ्या गेमची गोडी लागू दे. पठ्ठ्यानं दहा मिनिटांत रिमोट खाली ठेवला. म्हणे, ‘काय फालतू आहे, दर वेळी पहिल्यापासून!’ आजचे गेम पोरांना अडकवायलाच बनवतात का? मोबाइल काढून घेऊ का? मेहुणे म्हणतात सरकारनं असले गेम बंद केलेत, मग हा चालतो कसा?
– एक बाप, नवीन नाशिक

दादा, नमस्कार.

आधी ताटाचं बघू, कारण घरातली रोजची धुसफूस तिथे आहे. मुलगा थापा मारत नाहीये. तो गेम खरंच पॉज होत नाही. तुमचा काँट्रा टीव्हीखालच्या डब्यात चालायचा. आईनं हाक मारली की स्टार्टचं बटण दाबायचं, उडी मारलेला सैनिक हवेतच थांबायचा, तुम्ही वरणभात खाऊन परत येईपर्यंत तसाच. मुलाचा गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो. एका बेटावर शंभर जण उतरलेले असतात. त्यातला एक जण आमटी गार होतेय म्हणून उठला, तर बाकीच्यांना कोण थांबवणार? त्यातून तो चौघांच्या स्क्वॉडमध्ये असेल तर मध्येच उठणं म्हणजे तीन मित्रांना तोंडघशी पाडणं. त्या वयात बापाच्या रागापेक्षा ते जास्त लागतं.

तेव्हा त्याच्याशी मिनिटांचा हिशोब घालू नका, मॅचचा घाला. मोठ्या नकाशावरची मॅच शेवटपर्यंत गेली तर साधारण अर्धा तास घेते. लवकर मेला तर पाच मिनिटांतही मोकळा. जेवण साडेआठला असेल तर आठनंतर नवी मॅच सुरू करायची नाही, एवढाच नियम करा आणि तो दुपारी करा, हातात मोबाइल नसताना. ‘आत्ताच्या आत्ता बंद’ हे त्याला पाळता येत नाही, ‘ही शेवटची’ पाळता येतं. तरीही नाही पाळलं, तर मग रागवायला तुमची बाजू पक्की असेल.

आता मोठा प्रश्न: अडकवायलाच बनवतात का? मी काही वर्षं गेमच्या लेव्हल बनवायचं काम केलं आहे, त्यामुळे या प्रश्नाला मी जरा आतून उत्तर देते. गेम कसा बनतो हे बनवणाऱ्याच्या हाती पैसा कधी आणि कशाच्या बदल्यात पडतो यावर बरंचसं ठरतं. तुमच्या काळीही तसंच होतं. तुमचे गेम काही साधुसंत नव्हते.

सुरुवात नाण्यांपासून झाली. १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स, १९८० चा पॅक-मॅन, हे सगळे दुकानात उभ्या असलेल्या कपाटाएवढ्या यंत्रांतले गेम. एका नाण्यात कुणी तासभर खेळत बसला तर यंत्राच्या मालकानं खायचं काय? म्हणून लाइफ मोजक्या, म्हणून वेग वाढत जाणारा, म्हणून दोन-चार मिनिटांत ‘गेम ओव्हर’. पॅक-मॅनला तर शेवटच ठेवला नव्हता. २५६व्या फेरीपर्यंत कुणी पोचेल असं बनवणाऱ्यांच्या मनातही नव्हतं. फेऱ्या मोजणारा आकडा ८ बिटांचा, म्हणजे २५५ च्या पुढे मोजता न येणारा. तिथे पोचलं की तो आकडा फुटतो आणि उजवा अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्यानं भरतो. गेम संपायचा नाही, खेळणारा संपायचा.

मग गेम घरी आले. कॅसेट एकदाच विकत घ्यायची, नाण्याचा संबंध संपला. तरी तीन लाइफ राहिल्या. एक तर बनवणाऱ्यांना तेवढंच ठाऊक होतं. दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं, कॅसेटमध्ये जागाच नव्हती. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स, तुम्ही खेळलात तो आख्खा गेम, ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. तुमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येणारं ‘शुभ सकाळ’चं चित्र त्याहून मोठं असतं. त्यातले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं एकच चित्र आहे, फक्त रंग बदलला. जागा वाचवायची म्हणून. आता आणलाच आहे गेम, तर एकदा निरखून बघा.

एवढ्याशा जागेत मजकूर तो किती मावणार? काँट्रात आठ स्टेज. सगळं येत असलेला माणूस तो सुमारे अर्ध्या तासात संपवतो. तुमची सुट्टी गेली ती गेम मोठा होता म्हणून नव्हे, तर एक गोळी लागली की लाइफ जायची, तीन लाइफ गेल्या आणि मोजके कंटिन्यू संपले की पहिल्या स्टेजच्या जंगलात परत. अर्ध्या तासाचा माल महिनाभर पुरवायचा तर दुसरा उपाय काय होता? १९८५ च्या घोस्ट्स अँड गॉब्लिन्सनं तर कहर केला होता. जिवाचं रान करून शेवटच्या राक्षसापर्यंत पोचावं, तर पडद्यावर मजकूर येतो की हा सगळा सैतानाचा भ्रम होता, आता पहिल्यापासून पुन्हा. खरा शेवट दुसऱ्या फेरीनंतर. याला मी जिद्दीचं शिक्षण म्हणणार नाही, खोडसाळपणा म्हणेन.

आणि खरं सांगा, काँट्रा तुम्ही तीन लाइफमध्ये संपवलात की ‘वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी ए’ करून तीस घेतल्यात? घेतल्या असतील तर लाज वाटायचं कारण नाही. हा कोड आधी १९८६ मध्ये ग्रेडियस नावाच्या विमानाच्या गेममध्ये आला. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो तो गेम घरच्या यंत्रासाठी तयार करत होते. तपासून बघायला स्वतःला खेळावं लागायचं आणि त्यांना तो झेपेना, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ही चोरवाट ठेवली. बनवणाऱ्यालाच जो गेम जड जात होता, त्यावर आपल्या गल्ल्यांतली पोरं सुट्ट्या घालवत होती.

तीन लाइफचा गल्लीत मात्र वेगळाच उपयोग झाला. डबा एक, रिमोट दोन, पोरं सात-आठ. तीन गेल्या की उठायचं, पुढच्याचा नंबर. नाण्याच्या यंत्रासाठी काढलेला नियम आपल्याकडे रांग लावायच्या कामी आला. तुम्ही जिला जिद्द म्हणता त्यातली निम्मी त्या रांगेतली आहे असं मला वाटतं. आपला नंबर येईपर्यंत दुसऱ्याचं बघत बसायचं, कुठून गोळी येते ते पाठ करायचं, मागून ‘उडी मार, उडी मार’ ओरडायचं. आणि हातात दुसरं काही नव्हतंच. कॅसेट एक, सुट्टी मोठी, दुपारी बाहेर ऊन. तुमच्या मुलाच्या मोबाइलवर दुसरा गेम दोन मिनिटांत उतरतो. तो काँट्राला दहा मिनिटं देतो यात त्याच्या स्वभावाचा दोष शोधू नका.

तरी जुन्या गेममधली एक गोष्ट माझ्या मते आजही भल्याभल्यांना जमत नाही, ती तुम्हाला दाखवते. मारिओची पहिली स्टेज लावा आणि बटण न दाबता नुसती बघा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा, तोंड उजवीकडे, पुढे मोकळी जमीन. कुठे जायचं हे कुणी लिहिलेलं नाही, तरी सगळे उजवीकडेच जातात. थोडं पुढे एक प्रश्नचिन्हाचा ठोकळा चमकत असतो आणि समोरून एक तपकिरी, रागीट चेहऱ्याचा प्राणी चालत येतो. त्याला धडकलं की मेलं. पण सुरू होऊन चार सेकंदच झालेले असतात, काहीच वाया जात नाही. पुढच्या वेळी उडी. उडी मारताना डोकं ठोकळ्याला लागतं, नाणं निघतं. अरे, म्हणजे ठोकळे फोडायचे! दुसऱ्या ठोकळ्यातून मशरूम निघतो, उजवीकडे घरंगळतो, हिरव्या पाइपला आपटून परत तुमच्याकडेच येतो. मघाच्या प्राण्यासारखा दिसतो म्हणून तुम्ही घाबरून उडी मारता, वर विटा असतात, डोकं आपटून खाली येता आणि मशरूम लागतोच. मारिओ मोठा होतो. चांगलं काय, वाईट काय, दोन्ही कळलं. त्याच स्टेजमध्ये पुढे दोन जिने समोरासमोर आहेत, मध्ये साधी जमीन, म्हणजे पडलात तरी काही बिघडत नाही. त्याच्या लगेच पुढे तसेच दोन जिने, पण मध्ये खड्डा. आधी सराव, मग परीक्षा. मारिओ बनवणारे शिगेरु मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शब्द न लिहिता हे शिकवलं आहे. आज आम्ही मंडळी काय करतो? पडद्यावर बाण, वर पाटी, खाली ‘इथे दाबा’, शिडी कुठली चढायची ते कळावं म्हणून तिला पिवळा रंग. २०२३ मध्ये रेझिडेंट ईव्हिल ४ नव्यानं आला तेव्हा त्या पिवळ्या रंगावरून खेळणाऱ्यांनी भरपूर तोंडसुख घेतलं. पटतं मला त्यांचं.

पण तुमच्या मुलाची तक्रार पुन्हा वाचा: ‘दर वेळी पहिल्यापासून’. तेरा वर्षांच्या पोरानं नेमकं दुखणं पकडलं आहे. अवघड असणं वेगळं आणि झालेलं काम पुसून टाकणं वेगळं. हे दोन वेगळे काढायला आमच्या धंद्याला बरीच वर्षं लागली. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या झेल्डा या गेमच्या कॅसेटमध्ये बॅटरी घालून खेळ साठवायची सोय आली. संगणकावर हवं तिथे सेव्ह करता येऊ लागलं. २००१ च्या हेलो या बंदुकीच्या गेममध्ये लपून बसलं की ढाल पुन्हा भरायची, २००५ च्या कॉल ऑफ ड्यूटी २ पासून तीच तऱ्हा बंदुकीच्या गेममध्ये सर्रास झाली. जुनी मंडळी म्हणाली, गेम मऊ झाले. झाले काही. पण २०१८ चा सेलेस्ट घ्या. डोंगर चढणाऱ्या मुलीचा गेम, काँट्राच्या तोंडात मारेल इतका अवघड. फरक एवढाच की मेलात तर क्षणात त्याच खोलीच्या तोंडाशी उभे. एका खोलीत शंभरदा मरावं लागतं आणि शंभरदा पोरं प्रयत्न करतात. डार्क सोल्सपासून २०२२ च्या एल्डन रिंगपर्यंतच्या गेमनी तर अवघडपणा विकूनच नाव कमावलं. तेव्हा ‘आजच्या पोरांना कष्ट नकोत’ हे काही खरं नाही. फुकटचे कष्ट नकोत त्यांना.

मधल्या काळातली एक गंमत तुम्हीही बघितली असेल. सायबर कॅफेत व्हाइस सिटी, २००२ चा. पोरं मिशन क्वचित करायची, वहीच्या मागच्या पानावर कोड लिहून आणायची. ‘पँझर’ टाइप केलं की रणगाडा, ‘लीव्ह मी अलोन’ केलं की पोलीस गायब. तीस लाइफसारखंच हे, बनवणाऱ्यानं ठेवलेलं, फुकट. आजच्या मोठ्या ऑनलाइन गेममध्ये असले कोड मिळणार नाहीत. ज्या ज्या गोष्टी कोड टाकून मिळायच्या, त्यांतल्या बऱ्याच आता विकायला आहेत.

इथे आपण तुमच्या खऱ्या काळजीपाशी आलो. २००९ मध्ये ॲपलनं फुकट ॲपच्या आत वस्तू विकायची मुभा दिली, आणि गेम फुकट वाटून आत कमाई करायची वाट रुळली. २०१२ च्या कँडी क्रशचं बघा. पाच लाइफ. संपल्या की एक परत यायला अर्धा तास. थांबा, नाहीतर मित्राकडे मागा, नाहीतर पैसे टाका. नाण्याचं यंत्र परत आलं, यावेळी खिशात. (घरात मोठ्यांपैकी कुणी तो खेळत असेल तर मुलाला रागवताना जरा आवाज कमी ठेवा.)

बीजीएमआयची मांडणी त्याहून हुशार आहे. त्यातलं आकसणारं वर्तुळ मला मनापासून आवडतं. आठ किलोमीटर लांब-रुंद बेट, शंभर माणसं, कोपऱ्यात लपून राहिलात तर मॅच कधी संपायची? म्हणून सुरक्षित जागा हळूहळू लहान होत जाते आणि सगळ्यांना समोरासमोर यावंच लागतं. एका साध्या नियमानं प्रत्येक मॅचला सुरुवात, मध्य आणि चढता शेवट मिळतो. पण या मांडणीत एक अडचण आहे. दर मॅचला एक जण किंवा एक स्क्वॉड जिंकतं, बाकीचे सगळे हरतात. रोज हरणारा माणूस परत का येईल? म्हणून हरलात तरी गुण, मिशन पूर्ण झाल्याचा शिक्का, पेटी, चमकणारा आवाज. नवख्या खेळाडूंच्या मॅचमध्ये माणसांऐवजी संगणकानं चालवलेले बॉट भरलेले असतात. पहिल्याच दिवशी चार-पाच जण टिपले की पोराला वाटतं, आपल्या हातात जादू आहे. आणि दर सीझनला, म्हणजे ठरावीक काळ उलटला की, रँक खाली उतरवतात, म्हणजे पुन्हा चढायला निमित्त. काँट्रा शेवटच्या स्टेजला तुम्हाला सोडून द्यायचा. याला सोडायचं कारणच नाही, कारण कॅसेटचे पैसे आधी मिळालेले नाहीत. तुम्ही उद्या परत आलात तरच कधीतरी खिशात हात घालाल.

म्हणजे अडकवायलाच बनवतात का? परत बोलवायला बनवतात, हो. पण बोलावणाऱ्यांत मुलाचे तीन मित्रही आहेत, आणि त्यांच्याशी तो जे बोलतो, हसतो, डावपेच ठरवतो, ते तुमच्या गल्लीतल्या ‘उडी मार’पेक्षा वेगळं नाही. म्हणून मोबाइल काढून घेऊ नका. काढलात तर तो मित्राच्या मोबाइलवर खेळेल आणि तुम्हाला सांगायचं बंद करेल.

रॉयल पासचं मात्र नीट ऐका. त्यात मिळतात ते बहुतेक कपडे, बंदुकीचे रंग, नाचायच्या तऱ्हा. नेम सुधारत नाही. माझी त्यावर मोठी नाराजी वेगळीच आहे: पैसे आपण द्यायचे आणि ते वसूल करायला रोजची मिशनं करायची तीही आपणच, सीझन संपायच्या आत. एकदा पास घेतला की न खेळलेला दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. यावर तोडगा आहे. सीझनभर फुकटात खेळूनही पासाची पायरी चढत असते, आणि पास नंतर घेतला तरी चढलेल्या पायऱ्यांचं बक्षीस तेव्हा मिळतं. तेव्हा त्याला सांगा, पैसे देतो, पण सीझनच्या शेवटच्या आठवड्यात, आणि तुझ्या खाऊच्या पैशातून निम्मे. तोवर हवासा वाटला तर घे. अर्ध्या वेळी तोवर मन उडालेलं असतं. उरलेल्या वेळी काय मिळणार ते डोळ्यासमोर दिसत असतं, त्याला माझी हरकत नाही.

पेट्या, म्हणजे क्रेट, उघडायला मात्र एक रुपया देऊ नका. पैसे आधी, आत काय ते नंतर, आणि हवी ती वस्तू निघायची शक्यता नखाएवढी. बेल्जियममध्ये २०१८ साली तिथल्या यंत्रणेनं असल्या विकतच्या पेट्यांना जुगारच ठरवलं. आपल्याकडे तसं नाही, पण घरात तसं ठरवायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये दर खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे, ती चालू करा, आणि तुमचं यूपीआय त्याच्या मोबाइलवर असेल तर आज रात्रीच काढा.

मेहुण्यांचं अर्धंच बरोबर आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय म्हणून आला, जुलै २०२२ मध्ये तोही काढला गेला, मे २०२३ मध्ये परतला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं जो कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा आहे. बीजीएमआय त्यात बसत नाही. मात्र १८ वर्षांखालच्या मुलांसाठी या गेममध्येच पालकाच्या मोबाइलवर ओटीपी आणि दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे. तुम्हाला असा ओटीपी कधी आल्याचं आठवत नसेल, तर चिरंजीवांनी वय वाढवून सांगितलं आहे. बहुतेक पोरं सांगतात. त्यावरून तमाशा करू नका, बसून दुरुस्त करून घ्या.

तुम्ही पत्रात ‘व्यसन’ लिहिलं नाहीत हे बरं केलंत, बाकीची पत्रं त्या शब्दानंच सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, २०२२ पासून लागू. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटलेला हवा, शाळा-मित्र-झोप सगळं मागे पडलेलं हवं, नुकसान दिसूनही चालूच, आणि हे साधारण वर्षभर. ताटावर उशिरा येणं त्यात मोडत नाही. शाळा बुडवायला लागला, रात्र रात्र जागला, घरातले पैसे गेले, तर मात्र माझ्यासारखीला पत्र लिहीत बसू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

आणि दुसरे गेम त्याच्यापुढे ठेवायचे असतील तर काँट्रापाशी थांबू नका. एकदाच पैसे घेणारे, आत काही न विकणारे गेम आजही निघतात. स्टारड्यू व्हॅली २०१६ चा, एरिक बॅरोन या एकट्या माणसानं साडेचार वर्षं खपून केलेला, आता मोबाइलवरही मिळतो. वारसाहक्कानं मिळालेलं पडीक शेत उभं करायचं. त्यात द्राक्षंही लावता येतात, मांडवासकट, आणि पिंपात घालून वाइनही करता येते. गारपीट नाही, व्यापारी पैसे बुडवून पळत नाही. नाशिककराला एवढं खोटं चालायला हरकत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, त्यातला एक दिवस सुमारे चौदा मिनिटांचा असतो आणि रात्री झोपलं की खेळ सेव्ह होतो, त्यामुळे ‘अजून एकच दिवस’ हे तिथेही ऐकू येईल. लॅपटॉप बरा असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये काढलेला राजी हा गेम बघा. भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट, काही तासांत पूर्ण होते. तो दोघांनी मिळून संपवा. तुम्ही रिमोट धरा, त्याला ‘उडी मारा, उडी मारा’ ओरडू द्या.

तुमच्या ताज्या कलमातला प्रश्न वर छापला नाही, तो असा होता: नव्या डब्याबरोबर आलेली बंदूक आमच्या एलईडीवर चालत नाही, दुकानदारानं खराब माल दिला का? नाही, माल चांगला असू शकतो. त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही, ती फक्त बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतल्या सेन्सरला आधी काळोख, मग उजेड दिसला तरच बदक पडतं. आधी काळोख यासाठी की कुणी बल्बवर नेम धरून फसवू नये. यातला एकेक टप्पा सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागात उरकतो. पिक्चर ट्यूबचा टीव्ही चित्र आलं की लगेच दाखवायचा. एलईडी आधी ते चित्र स्वतःशी घोळवतो आणि किंचित उशिरा दाखवतो, तोवर बंदुकीची बघायची वेळ गेलेली असते. म्हणून दुकानदाराशी भांडू नका, जुना डबा टीव्ही शोधा, दुरुस्तीवाल्यांकडे कोपऱ्यात पडलेला असतो. घेण्याआधी त्याला एव्हीची पिवळी आणि पांढरी पिन लागते का ते बघा, नुसती अँटेनाची जागा असेल तर मध्ये मॉड्युलेटर, म्हणजे एव्हीचं चित्र अँटेनाच्या जागेतून आत पाठवणारी डबी, लागेल. आणि मुलाला सोबत न्या, एकवीस इंची असेल तर एकट्याला जिना चढवणार नाही.